माळवदाचा कठडा

गेल्या कार्तिकात आम्ही दोन दिवस कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील एका गावी मुक्कामाला होतो. गाव अगदी सीमेवरचे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, तांड्यावर लमाणी आणि बाजारात दखनी, अशी तेथील लोकांची रीत. एकाच वाक्यात तीन भाषा येऊन गेल्या तरी कोणाला नवल वाटत नाही. तूर फुलोऱ्यात आली होती. या जिल्ह्याला तुरीचे कोठार म्हणतात, व येथल्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु फुलोऱ्याचे हेच दिवस शेतकऱ्याच्या काळजीचे असतात, कारण याच वेळी शेंगा पोखरणारी घाटेअळी पडते. तूर पुरुषभर वाढलेली. पाठीवर पंप घेऊन आत शिरणाऱ्याच्या तोंडावरच फवारा येतो. म्हणून या खेपेस गावातील काही जणांनी फवारणीसाठी ड्रोन भाड्याने आणला होता.

ड्रोन म्हणजे आत माणूस न बसणारे छोटे हेलिकॉप्टरच. याला सहा पंखे होते. औषधाची टाकी भरली म्हणजे अशा यंत्राचे वजन पंचवीस किलोंच्या घरात जाते. ते चालवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, नम्र आणि कामात वाकबगार होता. सकाळी त्याने विहिरीजवळच्या शहाबादी फरशीच्या ओट्यावरून यंत्र उडवले. ओटा तेव्हा रिकामा होता. दुपारी शेजारच्या शाळूच्या रानात खुरपणाऱ्या बायका, पाणी जवळ म्हणून, त्याच ओट्यावर भाकरी खायला बसल्या. मुलगा त्या वेळी रानाच्या पलीकडच्या टोकाला, उंच तुरीच्या आड होता. इतक्यात यंत्राची बॅटरी उतरली. तसे झाले की यंत्राने जेथून उड्डाण केले तेथे स्वतःच परत जावे, अशी योजना त्यात केलेली असते. त्याप्रमाणे यंत्र परत आले आणि जेवणाऱ्या बायकांच्या डोक्यावर उतरू लागले.

धूळ उडाली, आरडाओरडा झाला, बायका वाट फुटेल तिकडे पळाल्या. एका म्हाताऱ्या बाईंना लवकर उठवेना. यंत्राचा पाय त्यांच्या नडगीला घासून गेला, पाण्याची घागर कलंडली, आणि औषधाचा वास लागलेल्या भाकऱ्या टाकून द्याव्या लागल्या. याहून अधिक काही झाले नाही, ही देवाची कृपाच म्हटली पाहिजे.

मुलगा धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "अक्का, माझा हात लागला नाही बघा. ते आपोआप आलं." ज्याच्याकडून यंत्र आणले होते त्याला फोन केला. यंत्रात काही बिघाड नाही, ते ठरल्याप्रमाणेच वागले, असे त्याने शांतपणे सांगितले. म्हातारबाई नडगीवर हळद दाबीत होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरा, तुजा हात न्हाई म्हनतोस. यंत्राला तर हातच न्हाई. मग हात कुनाचा, ते तरी सांग की."

त्या ओट्यावर या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. आम्हीही दिले नाही. परंतु परतीच्या वाटेवर आणि त्यानंतर कित्येक दिवस तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. म्हणून वाचकांपुढे तो ठेवीत आहोत.

प्रथम 'आपोआप' या शब्दाचाच विचार करू. बिदर शहराजवळ नौबाद येथे बहामनी काळातील जमिनीखालचा पाण्याचा मार्ग आहे. लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. जाणकार त्याला कारेझ हे नाव देतात. जांभ्या दगडात खोदलेल्या या बोगद्यातून पाणी वाहत येते. त्याला मोट नाही, बैल नाही, इंजिन नाही. पाहणारा म्हणेल की पाणी आपोआप येते. परंतु खरे पाहता ते आपोआप येत नाही. पाचशे वर्षांपूर्वी कोणा कारागिराने उतार किती ठेवावा, झरा कोठे गाठावा, उजेड-वाऱ्यासाठी वरून विवरे कोठे खोदावी, हे ठरवले. आणि पाणी आजही त्याच्याच निर्णयाप्रमाणे वाहते. तो कारागीर मातीत मिळाला, पण त्याचा हात अजून काम करीत आहे. तेव्हा 'आपोआप' याचा अर्थ 'हाताशिवाय' असा नसून 'आधी लागलेल्या हाताने' असा आहे. हा हात दिसत नाही, इतकेच.

त्या उडत्या यंत्रातही असाच हात असतो. तो कोठे असतो हे समजण्यासाठी यंत्राची थोडी माहिती घेणे अवश्य आहे.   हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभे असते तेव्हा तळहातावर उभी काठी तोलावी तशी त्याची स्थिती असते. क्षणभर लक्ष चुकले की ते एका बाजूला कलते, कलले की त्या बाजूला सरकते, आणि सरकता सरकता पडते. यंत्र जितके लहान, तितके ते चपळ आणि तितकीच चूक सुधारायला सवड कमी. म्हणून आत एक छोटा संगणक बसवतात. तो सेकंदाला शेकडो वेळा कल किती झाला हे पाहतो आणि पंख्यांची गती कमीजास्त करून तोल सावरतो.

आता हा कल त्याला कोण सांगतो? एक उपकरण यंत्राचे वळणे मोजते, दुसरे त्याचा हिसका मोजते, तिसरे हवेच्या दाबावरून उंची सांगते, चौथे होकायंत्राचे काम करते, आणि आकाशातील उपग्रहांवरून ठिकाण कळते. यांतील प्रत्येक साक्षीदार थोडाफार चुकतो. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटते. वाऱ्याच्या झोताने उंचीचा अंदाज बिघडतो. उपग्रहावरून काढलेल्या ठिकाणात दोन-चार मीटरांचा फरक पडू शकतो. कोणाच्या साक्षीला किती वजन द्यावे याची गणिती रीत रुडॉल्फ काल्मन या विद्वानाने १९६० साली मांडली, आणि आजही अशा यंत्रांत तीच रीत निरनिराळ्या रूपांत वापरतात. एकट्याच्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवू नये, दोन-तीन साक्षीदार पाहिजेत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. यंत्र घडवणाऱ्यांना वेगळ्या वाटेने तेच शहाणपण सापडले, याची आम्हांला मौज वाटते.

येथपर्यंत सर्व गणित आहे, आणि त्यात आमच्यासारख्यांनी बोलण्याजोगे काही नाही. पण या गणिताच्या वर आणखी एक थर असतो. चालवणाऱ्याशी असलेला संबंध तुटला तर काय करावे? बॅटरी उतरली तर काय करावे? उपग्रह दिसेनासे झाले तर काय करावे? जागच्या जागी थांबावे, असेल तेथे खाली उतरावे, की घरी परत जावे? या प्रश्नांची उत्तरे गणित देत नाही. ती बंगळूर, पुणे, चेन्नई किंवा परदेशातील एखाद्या कचेरीत बसून कोणी माणूस देतो आणि यंत्रात लिहून ठेवतो. 'घरी परत जावे' असे ज्याने लिहिले त्याने यंत्र सुरक्षित राहावे असा विचार केला. तो विचार वाईट नव्हता. परंतु दुपारच्या वेळी त्या 'घरी' कोण बसलेले असेल, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. म्हातारबाई विचारीत होत्या तो हात येथे आहे.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही यंत्राच्या विरुद्ध आहोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. त्या वर्षीही पीक माणसाच्या डोक्यापर्यंत वाढले होते. ज्या यंत्रामुळे माणसाला त्या विषारी धुक्यात शिरावे लागत नाही, ते यंत्र दयेचे काम करते. जपानातही अशाच गरजेतून याची सुरुवात झाली. खेड्यांतील तरुण शहरांकडे गेले, भातशेती म्हाताऱ्यांच्या हाती राहिली, आणि फवारणीसाठी वैमानिकाशिवाय उडणारे हेलिकॉप्टर तयार करण्याचे काम १९८३ साली यामाहा कंपनीकडे आले. १९८७ साली त्यांचे आर-५० हे हेलिकॉप्टर तयार झाले. १९९७ साली आरमॅक्स आले. पुढे २००० साली उसू नावाचा ज्वालामुखी भडकला तेव्हा, जेथे माणसाने जाणे धोक्याचे होते तेथे जाऊन, आरमॅक्सने पाहणी केली. म्हणजे ज्या कामात माणसाच्या जिवाला धोका आहे ते काम यंत्राने करावे, हा हेतू चांगलाच आहे. आमचा प्रश्न हेतूविषयी नसून दूरदृष्टीविषयी आहे.

दूरदृष्टी म्हणजे काय याचे एक उदाहरण मंगळावरचे आहे. इंजेन्युइटी नावाचे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर प्रथम उडाले. ते तीन मीटर वर गेले आणि ३९ सेकंद हवेत राहिले. त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले. तेथे हवा पृथ्वीच्या मानाने शंभरात एक भाग इतकी विरळ. आणि पृथ्वीवरून निरोप पोहोचायला, दोन ग्रहांतील अंतराप्रमाणे, तीनपासून बावीस मिनिटे लागतात. तेव्हा येथे बसून ते चालवणे अशक्य होते. जे काही ठरवायचे ते आधीच ठरवून, लिहून पाठवणे भाग होते.

२२ मे २०२१ रोजीच्या सहाव्या उड्डाणात त्याच्या कॅमेऱ्याचे एक चित्र वाटेत हरवले. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर वेळेची चुकीची नोंद पडू लागली. आपण कोठे आहोत हे यंत्राला उमगेना, आणि ते मागेपुढे जोराने हेलकावे खाऊ लागले. तरीही ते ठरलेल्या जागेपासून सुमारे पाच मीटरांच्या आत सुखरूप उतरले. ते कसे? एक तर, आपल्याला सुचणार नाहीत अशा चुका होतील हे धरून, बनवणाऱ्यांनी तोल सावरण्यास भरपूर वाव ठेवला होता. दुसरे असे की, उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्यावर विसंबू नये, असे त्यांनी आधीच ठरवले होते. चित्रे हरवतील हे त्यांना ठाऊक नव्हते. आपण सर्वज्ञ नाही, हे मात्र ठाऊक होते. त्या नम्रतेनेच यंत्र वाचले. पुढे ते एकूण ७२ वेळा उडाले. १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणात खाली वाळूच्या लाटा होत्या. खूण धरावी असे काही कॅमेऱ्याला दिसले नाही, उतरताना धक्का बसला आणि पाती मोडली. काय घडले ते सहाव्या उड्डाणानंतर आणि शेवटच्या उड्डाणानंतरही त्या मंडळींनी उघडपणे लिहून प्रसिद्ध केले.

आता मंगळ आणि आळंद यांत एक मोठा फरक आहे. मंगळावर ते यंत्र पडले तेव्हा त्याच्याखाली कोणी भाकरी खात नव्हते. तेथे चूक झाली तर यंत्राचे नुकसान, येथे चूक झाली तर शेजाऱ्याचे. म्हणून मंगळासाठी जितकी काळजी घेतली गेली, त्याहून अधिक काळजी आळंदसाठी घेतली पाहिजे, हे कोणीही मान्य करील. प्रत्यक्षात मात्र उलटच घडते, कारण मंगळावरच्या यंत्रावर जगाचे डोळे होते आणि विहिरीजवळच्या ओट्यावर कोणाचेच नव्हते.

नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. तो इतका घरगुती आहे की वाचताना आपण तो सहज ओलांडून जातो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की छताला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडेल आणि त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आपल्या भागातील लोकांना हे समजावून सांगायला नको. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूंना जुनी घरे माळवदाची. उन्हाळ्यात निजणे माळवदावर, तूर-मूग वाळवणे माळवदावर, मुलांचे खेळणेही तेथेच. बिनकठड्याच्या माळवदावरून लेकरू पडले अशी एखादी गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते.

या नियमाचे मर्म असे की तो पडणाऱ्याला 'सांभाळून चाल' असे म्हणत नाही; तो बांधणाऱ्याशी बोलतो. शिवाय तो पडण्याच्या वेळेविषयी नसून बांधण्याच्या वेळेविषयी आहे. कोण पडेल, कधी पडेल, हे बांधणाऱ्याला ठाऊक नसते. कदाचित तो स्वतः मेल्यावर, त्याने कधी न पाहिलेले एखादे लेकरू पडेल. तरीही दोष त्याचाच धरला आहे. ज्याला आपण कधी भेटणार नाही तोही आपला शेजारी आहे, आणि त्याच्यावरील प्रीती विटा-मातीने, आजच दाखवायची आहे. आमच्या मते स्वतः निर्णय घेणाऱ्या यंत्राविषयीचा सगळा नैतिक प्रश्न या एका कठड्यात सामावलेला आहे. निर्णय यंत्राकडे दिल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही. ती काळाने मागे सरकते आणि अंतराने दूर जाते. दूर गेलेली जबाबदारी ओळखणे कठीण असते, आणि म्हणूनच ती सहज टाकली जाते.

कठडा बांधता येत नाही असे कोणी म्हणू नये, कारण जेथे मनात आले तेथे आपण तो बांधला आहे. बिदर येथे हवाई दलाचा तळ आहे. सूर्यकिरण पथकाची स्थापना १९९६ साली तेथेच झाली. कलबुर्गीला २०१९ च्या नोव्हेंबरापासून विमानतळ आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांप्रमाणे अशा तळांच्या जवळपास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांच्या वर जाता येत नाही, आणि इतरत्र ती मर्यादा ४०० फुटांची आहे. हे अदृश्य कुंपण यंत्राच्या आतच लिहून ठेवता येते, म्हणजे यंत्र तेथे उडण्यासच नकार देते. हे योग्यच आहे. विमानात माणसे असतात. पण विहिरीजवळच्या ओट्यावरही माणसेच असतात. विमानासाठी कुंपण घालण्याची अक्कल आपल्याला आहे, तर खुरपणाऱ्या बाईसाठी का नसावी? ज्याची तक्रार ऐकली जाते त्याच्यासाठी कठडा, आणि जिची कोणी ऐकत नाही तिने आपले डोके सांभाळावे, असा न्याय आपण नकळत चालवीत आहोत की काय?

येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, "खाली माणूस असल्याचा संशय येताच यंत्राने बाजूच्या रानात उतरावे, मोडले तर मोडू द्यावे, असे लिहा म्हणजे झाले." आमचेही मन तेच म्हणते. माणूस आणि यंत्र यांत निवड करायची वेळ आली तर यंत्राने मोडावे. परंतु ते यंत्र कोणाचे असते? २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तीत किमतीच्या ८० टक्के, पण ८ लाख रुपयांपर्यंत, मदत होती आणि उरलेली रक्कम कर्जाने उभारण्याची सोय होती. म्हणजे यंत्र तुरीत पडून मोडले, तर मोडतो तो एखाद्या गरीब बाईचा व्यवसाय, आणि हप्ता मात्र चालू राहतो. वर यंत्र गरिबाचे, खाली नडगी गरिबाची.

यावर आम्हांला असे वाटते की, गरिबाचे यंत्र वाचवण्यासाठी दुसऱ्या गरिबाचे डोके धोक्यात घालणे हा मार्ग नव्हे. नुकसान सोसण्याची व्यवस्था यंत्र बनवणारे, विकणारे आणि विमा उतरवणारे यांनी आधीच केली पाहिजे. त्रयस्थाला इजा झाल्यास भरपाई मिळावी म्हणून नियमांत विम्याची तरतूद आहे. तशीच, माणसाला वाचवताना यंत्र मोडले तर चालवणाऱ्या बाईला ते भरून मिळावे, हेही न्यायाचेच आहे. नाहीतर आपण तिच्यापुढे दोन वाईट मार्ग ठेवतो आणि नंतर तिलाच विचारतो की तू चांगला का निवडला नाहीस. कठड्याचा खर्च घरमालकाने करायचा असतो. तो वाटसरूकडून घ्यायचा नसतो, आणि मोलकरणीकडूनही नाही.

नियमशास्त्रातील आणखी एक गोष्ट येथे आठवते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल हाही एका अर्थी स्वतःच्या मर्जीने हलणारे साधनच. त्याने प्रथमच कोणाला मारले तर धन्यावर दोष येत नाही. पण बैलाला मारण्याची सवय आहे हे धन्याला आधी सांगितले असेल, आणि तरी त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर दोष धन्याचा. म्हणजे कळल्या क्षणापासून जबाबदारी वाढते. यावरून दोन कर्तव्ये निघतात. ज्याने पाहिले त्याने सांगावे, आणि ज्याला सांगितले त्याने बांधावे. त्या दिवशीची हकिकत कोणी कोठेच लिहून ठेवली नाही. मुलगा घाबरला, बायकांनी 'जाऊ द्या' म्हटले, आणि विकणाऱ्याने तर बिघाडच नाही असे सांगितले. अशाने उद्या दुसऱ्या ओट्यावर तेच घडेल, आणि तेव्हाही सर्वजण म्हणतील की हे प्रथमच झाले. मंगळावरची चूक जगापुढे मांडणाऱ्यांनी आपल्याला हा धडा घालून दिला आहे. चूक कबूल करणे हेही कठडा बांधण्याचेच काम आहे.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले-मुली बिदर, भालकी, कलबुर्गी, लातूर येथून अभियांत्रिकी शिकून हैदराबाद, बंगळूर, पुण्याकडे गेली आहेत. त्यांतील कोणी आज अशाच यंत्रांची कामे करीत असतील. त्यांना आमचे वडीलकीच्या नात्याने एवढेच सांगणे आहे. तुम्ही 'असे झाले तर तसे कर' अशी ओळ लिहिता, तेव्हा तुमच्यासमोर पडदा असतो. पण त्या ओळीखाली एक रान असते. ते रान एकदा पायी पाहून या. तेथे विजेची बारीक तार लोंबत असते, ती यंत्राला दिसते काय? शेळ्या राखणारे पोर बांधावर निजलेले असते, ते यंत्राला कळते काय? उतरण्यापूर्वी यंत्र काही क्षण वरच थांबून मोठ्याने इशारा देईल काय, आणि तो इशारा इंग्रजीत नसून तेथल्या बाईला समजेल अशा मराठीत, कन्नडात, लमाणीत असेल काय? सकाळी रिकामी असलेली जागा दुपारीही रिकामी असेल, असे तुम्ही कशावरून धरले? हे प्रश्न कमी दर्जाचे आहेत असे समजू नका. तोल सावरण्याचे गणित पुष्कळांनी सोडवले आहे; पण खाली कोण आहे हे विचारणारे थोडे आहेत.

आणि आपण, जे यंत्रे बनवीत नाही, त्यांनीही स्वतःला सुटे समजू नये. आपणही आधी ठरवून ठेवतो आणि मग 'नियमच तसा आहे' म्हणून हात झटकतो. संस्थेचे नियम, वसतिगृहाची फी, जमिनीचे कागद, मृत्युपत्र, ही सर्व आपली उडती यंत्रे आहेत. ती आपण नसताना, आपण न पाहिलेल्या माणसांच्या अंगणात उतरतात. 'आपोआप झाले' हे वाक्य आपल्या तोंडी येईल तेव्हा क्षणभर थांबावे, आणि त्यात आपला हात कोठे होता हे पाहावे.

त्या संध्याकाळी तो मुलगा पुन्हा त्या बाईंच्या घरी आला. सोबत पट्टी आणि मलम होते. तो ओसरीवर बसून म्हणाला, "अक्का, उद्यापासून मी आधी ओट्यावर माणूस उभा करीन, मग उडवीन. आणि घरी यायची खूण दर वेळी नवी लावीन." म्हातारबाईंनी त्याला चहा दिला. त्या म्हणाल्या, "तू कर बाबा. पन ज्यानं ते बनवलं, त्याला बी सांग." मुलाने मान हलवली, पण कोणाला सांगायचे हे त्याला ठाऊक नव्हते. आम्हांलाही ठाऊक नव्हते. म्हणून हे येथे लिहिले आहे. ज्याच्यापर्यंत पोहोचायला हवे त्याच्यापर्यंत ते कोणी वाचकाने पोहोचवावे, ही विनंती.